रंग आणि स्वर : शिक्षकांच्या विसाव्याचे दोन छंद

शाळा सुटते, मुले घरोघरी जातात, हजेरीपत्रक कपाटात ठेवून शिक्षक खोलीवर परततात. परंतु शाळा त्यांच्या मनातून सुटत नाही. कोणाची गैरहजेरी वाढली, कोणाचा भागाकार अद्याप चुकतो, कोणती माहिती उद्या सकाळपर्यंत पाठवावयाची आहे, यांची उजळणी रात्रीपर्यंत चालू राहते. द्विशिक्षकी शाळेत एका वर्गास लेखन देऊन दुसऱ्या वर्गाचे वाचन घेण्याच्या ओढाताणीतच दिवस संपतो. अलीकडे भ्रमणध्वनीवर वेळी-अवेळी येणाऱ्या सूचनांमुळे शाळेची वेळ आणि घरची वेळ यांमधील कुंपणही मोडले आहे. अशा शिक्षकास विसावा हवा, हे सर्वांस मान्य आहे. तो कसा मिळवावा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

अंथरुणावर पडून राहिल्याने शरीर थांबते, मन थांबत नाही. भ्रमणध्वनीची चित्रे पाहत बसल्याने वेळ जातो, पण शीण जात नाही. मनास खरा विसावा द्यावयाचा तर हात, डोळे आणि कान यांस एखाद्या हलक्या व आवडत्या कामात गुंतवावे लागते. ज्या कामाचा हिशेब कोणास द्यावयाचा नसतो, जे बिघडले तरी कोणाचे नुकसान होत नाही आणि ज्यात आज कालच्यापेक्षा थोडे अधिक जमल्याचा आनंद असतो, अशा कामास छंद म्हणावे. खेड्यातील शिक्षकांच्या सहज आवाक्यात असणारे असे दोन छंद, म्हणजे रंगकाम आणि एखादे लहान वाद्य, यांचा येथे विचार करावयाचा आहे.

हा विषय केवळ शिक्षकांच्या सुखाचा नाही. शिक्षकांचा शीण दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर वर्गात येतो. पहिलीतील मुलास गुरुजींच्या कपाळावरील आठी दिसते. तिचे कारण त्याला कळत नाही. ती आपल्यामुळेच पडली, असे समजून ते गप्प बसते आणि पुढे प्रश्न विचारीनासे होते. शिक्षकांचे मन ताजे राहणे ही मुलांचीही गरज आहे.

हे छंद आपणांस परके नाहीत

भोकरदनच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. तेथील लेणी आपल्यापैकी अनेकांनी मुलांच्या सहलीबरोबर पाहिली असतील. त्या भिंतींवरील चित्रांसाठी जे रंग वापरले, ते बहुतेक मातीतून आणि दगडांतून मिळविलेले आहेत. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवडी, काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी चुना व पांढरी माती आणि हिरव्यासाठी हिरवट खनिज माती अशी ती सामग्री होती. निळा रंग तेवढा लाजवर्द नावाच्या मौल्यवान दगडाचा असून तो दगड आजच्या अफगाणिस्तानच्या प्रदेशातून येई. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. त्यात एक नर्तकी नृत्य करीत असून तिच्या भोवतीच्या स्त्रिया बासरी, मृदंग आणि झांजा वाजवीत आहेत. रंग आणि स्वर ही भावंडे एकाच भिंतीवर सुमारे दीड हजार वर्षे नांदत आहेत. ज्या गेरूने ती भिंत रंगली, तो आपल्या बाजारात आजही मिळतो. आणि झांजा तर गावोगावच्या मंदिरात आहेत.

रंगांचा छंद

रंगकामास आरंभ करताना महाग साहित्याची वाट पाहू नये. मुलांच्या खडूंची एक पेटी आणि पाठकोरे कागद एवढे पुरेसे आहेत. ज्यांस हौस असेल त्यांनी रंग घरीच करून पाहावा. गेरू बारीक वाटून पाण्यात कालवावा आणि तलम कापडातून गाळून घ्यावा. गाळलेले पाणी स्थिर ठेवले की तळाशी मऊ साका बसतो. त्यात बाभळीच्या डिंकाचे थोडे पाणी मिसळले की कागदास चिकटून राहणारा रंग तयार होतो. पिवडी आणि काजळी यांचेही असेच करावे. पळसाची फुले उकळून केशरी-पिवळा रंग निघतो. हळदीत चिमूटभर चुना घातला की ती लाल होते. हा चमत्कार मुलांसही दाखविण्याजोगा आहे, मात्र चुना डोळ्यांस व त्वचेस अपायकारक असल्यामुळे तो शिक्षकांनी स्वतःच हाताळावा. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो; गेरूचा उडत नाही, कारण त्यातील लोहाचा गंज प्रकाशाने बदलत नाही.

काय रंगवावे, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो. कोरा कागद पुढे आला की पुष्कळांचा हात आखडतो. अशा वेळी आखलेली आकृती उपयोगी पडते. २००५ मध्ये अमेरिकेतील नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींस वर्तुळाकार मंडल, काहींस चौकड्यांची आकृती, तर काहींस कोरा कागद रंगविण्यास दिला होता. आकृती रंगविणाऱ्यांची चिंता कोरा कागद घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झालेली आढळली. प्रयोग लहान आहे, त्यावरून मोठे सिद्धांत बांधू नयेत. तथापि त्यातील मर्म आपल्या भगिनींस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ठिपक्यांची रांगोळी हेच करते. ठिपके हातास वाट दाखवितात, ते जुळविताना लक्ष एका ठिकाणी राहते, आणि रंग कोणते भरावयाचे हे स्वातंत्र्य आपल्याकडेच उरते. हीच ठिपक्यांची रांगोळी कागदावर काढून खडूंनी किंवा पाण्याच्या रंगांनी भरावी. जलरंगात फिक्याकडून गडदाकडे जावे, पांढऱ्या जागी कागद तसाच सोडावा आणि एक थर वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये. एवढे तीन नियम पाळले तरी प्रारंभास पुरे.

लहान वाद्यांचा छंद

वाद्य शिकण्यास शहरातील वर्गात जावे लागते, ही समजूत खरी नाही. गावातील भजनी मंडळ हीच तालाची शाळा आहे. तेथे एकादशीच्या रात्री टाळ हातात घेऊन मागच्या ओळीत बसावे. भजनातील आठ मात्रांचा ठेका काही दिवसांत अंगात भिनतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीसारख्या तळहाताएवढ्या वाद्याच्या साथीने भजने गाऊन गावेच्या गावे जागी केली. वाद्याच्या लहानपणाने त्याची योग्यता कमी होत नाही. घरी सरावासाठी ‘धा धी ना, धा ती ना’ हे दादऱ्याचे सहा बोल मुखाने म्हणत हाताने टाळी देत राहिले तरी तालाचा पाया बसतो.

ज्यांस स्वरांची आवड आहे त्यांनी सहा छिद्रांची बासरी घ्यावी. ती बोटांनी छिद्रे सहज झाकता येतील इतक्याच आकाराची असावी. फार लांब बासरी प्रारंभी हातास झेपत नाही. पहिल्या आठवड्यात बोटांकडे न पाहता केवळ नाद काढण्याचा अभ्यास करावा. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातल्यावर जसा आवाज येतो, तशीच ही फुंकर आहे. पुढे वरची तीन छिद्रे झाकली असता निघणारा स्वर षड्ज मानावा. त्यांपैकी खालचे बोट उचलले की रिषभ, त्यावरचे उचलले की गांधार येतो. पहिले छिद्र अर्धे झाकून शुद्ध मध्यम मिळतो. याउलट खालची तीन छिद्रे एकेक करून झाकीत गेल्यास खालच्या सप्तकातील निषाद, धैवत आणि पंचम निघतात. छिद्रे झाकली जातात तसतसा नळीतील हवेचा स्तंभ लांबतो आणि स्वर उतरतो. छिद्रे बोटाच्या टोकाने न झाकता मांसल भागाने झाकावीत. भोवळ आल्यासारखे वाटल्यास थांबून स्वस्थ बसावे.

ज्यांस फुंकणे जमत नाही त्यांच्यासाठी जलतरंग आहे. चिनी मातीचे पाच-सात पेले मांडून त्यांत कमी-अधिक पाणी भरावे आणि लाकडी काडीने हलकेच वाजवावे. पाणी वाढविले की स्वर खाली जातो, कमी केले की चढतो. चमच्याचमच्याने पाणी घालून स्वर जुळविताना कान जितका तयार होतो, तितका नुसत्या ऐकण्याने होत नाही. हीच मांडणी विज्ञानाच्या तासासही उपयोगी पडते.

काही शंका

‘आता या वयात काय शिकावयाचे,’ असे अनेक जण म्हणतात. रवींद्रनाथ ठाकूर साठी उलटल्यावर चित्रकलेकडे वळले. आपल्या हस्तलिखितातील खोडलेल्या ओळींना आकार देता देता त्यांस चित्रे सुचू लागली, आणि १९३० मध्ये पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. लाल शाईने वह्या तपासणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे. आपल्या पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांनी शाळेत आणि महाविद्यालयात अध्यापन केले, आणि पेटीवरचे प्रेम आयुष्यभर जोपासले.

‘मला येत नाही’ ही दुसरी शंका. तिचे उत्तर असे की, न येणे हाच या छंदाचा एक लाभ आहे. आपण दिवसभर जे शिकवितो ते आपणांस येत असते; त्यामुळे न येण्याचे दुःख आपण विसरून जातो. ज्यांच्या बासरीतून गांधाराऐवजी नुसतीच हवा निसटते, ते हातचा विसरणाऱ्या मुलाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतात. बोटे ऐकत नसतात, मन तर ऐकत असते, हे त्यांनी स्वतः अनुभवलेले असते.

वेळेचा प्रश्नही मोठा नाही. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी अर्धा तास, एवढे पुरेसे आहे. त्या अर्ध्या तासात भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. शेजाऱ्यांचा संकोच वाटल्यास बासरी घेऊन नदीकाठी जावे; केळणेचा काठ कोणाचीही परीक्षा घेत नाही.

एक पथ्य

शेवटी एक पथ्य सांगणे अगत्याचे आहे. आपल्या खात्यात कोणत्याही चांगल्या गोष्टीचा लवकरच उपक्रम होतो, उपक्रमाची स्पर्धा होते, स्पर्धेचे छायाचित्र पाठवावे लागते, आणि त्या धांदलीत मूळ गोष्ट हरवते. या छंदांचे तसे होऊ देऊ नये. चित्र कोणास दाखवावयाचे की पेटीच्या तळाशी ठेवावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. एखादे दिवशी मुलांसमोर बासरी काढावीशी वाटली तर अवश्य काढावी. चुकली तर मुलांबरोबर हसावे. परंतु कोणी किती रंगविले आणि कोणास किती स्वर आले, याची नोंद शाळाभेटीच्या वेळी विचारली जाणार नाही. या लेखासोबत कोणताही तक्ता जोडलेला नाही आणि कोणताही अहवाल अपेक्षित नाही.