निविदेतला दर आणि खाटेजवळचे यंत्र

आपत्कालीन वैद्यकीय उपकरणे घेताना दर्जा पाहावा की किंमत, हा वाद भारतात जुनाच आहे; परंतु २००५ ते २०२३ या अठरा वर्षांत तो ज्या वळणांवरून गेला ती एकत्र पाहिली असता असे दिसते की तो बहुतेक वेळा भलत्याच दिवसाबद्दल घातला गेला. निविदा उघडली त्या दिवशी यंत्र किती रुपयांना पडले यावर फायली भरत गेल्या. यंत्राची गरज पडेल त्या दिवशी ते सज्ज असेल काय, या प्रश्नाला मात्र त्या फायलींत रकानाच नव्हता. रोज वापरात असलेले यंत्र बिघडले की काम अडते आणि बिघाड आपोआप उघडकीस येतो. आपत्कालीन यंत्राचे तसे नसते. हृदयाची विस्कळीत लय विजेच्या धक्क्याने थांबवून तिला पुन्हा सुरळीत होण्याची संधी देणारा डिफिब्रिलेटर किंवा घशात साचलेला स्राव ओढून काढणारे सक्शन मशीन आठवडेच्या आठवडे कोपऱ्यात उभे असते, आणि त्यात काही बिघाड असेल तर तोही त्याच्याबरोबर मुकाट्याने उभा असतो.

या काळाच्या आरंभी कायद्याची स्थिती काय होती, हे आधी पाहावे लागते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याला मुळात औषधच ठाऊक होते, यंत्र नव्हे. १९८२ च्या दुरुस्तीने एखाद्या उपकरणास अधिसूचनेद्वारे ‘औषध’ ठरवून कायद्याच्या कक्षेत आणण्याची सोय झाली, १९८९ मध्ये तिच्या आधारे इंजेक्शनच्या सिरिंज व सुया कक्षेत आल्या, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये स्टेंट, हृदयाच्या झडपा, डोळ्यातील कृत्रिम भिंगे, अस्थिरोपणे, शिरेत घालावयाच्या कॅन्युला अशा दहा प्रकारांची भर पडली. यादी पाहिली तर शरीरात बसवल्या जाणाऱ्या किंवा रक्ताशी थेट संबंध येणाऱ्या वस्तूंकडेच तिचा रोख होता, हे स्पष्ट दिसते. रुग्णाच्या बाहेर, खाटेशेजारी उभे राहणारे यंत्र तिच्यात नव्हते. व्हेंटिलेटर, म्हणजे रुग्णाला स्वतःहून श्वास घेणे जमत नसताना ठरावीक दाबाने व प्रमाणाने फुफ्फुसात हवा पोहोचवणारे यंत्र, एप्रिल २०२० पर्यंत या कायद्याच्या बाहेरच राहिले.

ही पोकळी खरेदी करणाऱ्यांनी आपापल्या परीने भरून काढली. निविदेत ‘अमेरिकी एफडीएची मान्यता अथवा युरोपीय सीई चिन्ह आवश्यक’ अशी अट घालण्याची पद्धत रूढ झाली, आणि परदेशी नियामकाचा शिक्का हाच देशी दर्जाचा मापदंड ठरला. या अटीने निकृष्ट माल काही अंशी बाहेर राहिला हे खरे, तरी चांगले यंत्र बनवूनही त्या शिक्क्याचा खर्च न परवडणारा देशी उत्पादकही तिने बाहेर ठेवला. २०१६ मध्ये भारतीय उत्पादकांची संघटना व भारतीय गुणवत्ता परिषद यांनी मिळून ‘आयसीमेड’ ही स्वेच्छेची प्रमाणन योजना सुरू केली, ती या कोंडीतूनच. स्वेच्छेच्या शिक्क्याला सक्तीच्या निविदेत कितपत वजन मिळते, हा प्रश्न वेगळा.

शासकीय खरेदीची प्रचलित रीत म्हणजे दोन लिफाफे. पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यात यंत्र विनिर्देशांत, म्हणजे खरेदीदाराने लिहून दिलेल्या गुणधर्मांच्या यादीत, बसते की नाही एवढेच तपासले जाते. जे बसतात त्यांचाच दुसरा, आर्थिक लिफाफा उघडतो आणि सर्वांत कमी दराला, कार्यालयीन भाषेत ‘एल-वन’ला, पुरवठ्याचा आदेश मिळतो. या रीतीला नावे ठेवणे सोपे आहे, पण ती जन्मली लाचलुचपतीच्या धास्तीने, आणि दुसऱ्या क्रमांकाचा दर स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याला लेखापरीक्षणात काय सोसावे लागते हे ज्यांना माहीत आहे ते तिला सहजासहजी मूर्खपणा म्हणणार नाहीत. तिची खरी उणीव दुसरीकडे आहे. पहिला लिफाफा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच दोन उत्तरे ओळखतो. उंबरठा ओलांडला की जेमतेम पास झालेले यंत्र आणि उत्तम यंत्र एकाच पायरीवर उभे राहतात, आणि मग निवड करतो तो फक्त आकडा. म्हणून दर्जाची लढाई दर उघडण्याच्या खोलीत नव्हे तर त्याआधी कित्येक आठवडे, विनिर्देश लिहिणाऱ्याच्या टेबलावर हरली किंवा जिंकली जाते.

पल्स ऑक्सिमीटरचे उदाहरण घेतले की हे नेमके कळते. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात शोधलेल्या तत्त्वावर हे छोटे यंत्र चालते: बोटातून तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश सोडायचे, नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी दोन्ही किती शोषले जातात ते मोजायचे, आणि त्या गुणोत्तरावरून रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता काढायची. निरोगी, उबदार बोटावर स्वस्त यंत्र ९८ दाखवते आणि महागही ९८ दाखवते, त्यामुळे प्रात्यक्षिकात दोन्ही सारखीच ठरतात. फरक पडतो तो रक्तदाब कोसळलेल्या, हातपाय गार पडलेल्या रुग्णाच्या बोटावर, जिथे नाडीचा संकेत इतका क्षीण असतो की कमी प्रतीचे यंत्र एक तर काहीच दाखवत नाही किंवा, जे अधिक धोक्याचे, आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवते. यंत्राची कसोटी ज्या रुग्णावर लागायची तोच रुग्ण प्रात्यक्षिकाच्या वेळी हजर नसतो. शिवाय महाग यंत्रांनाही या दोषातून पूर्ण सुटका नाही: अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की ऑक्सिमीटरच्या नजरेतून निसटणारी ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिपटीने अधिक होती, म्हणजे त्वचेचा रंग हा दर्जाच्या चाचणीतच नीट धरला गेला नव्हता.

याच ऑक्सिमीटरच्या बाबतीत किंमत आणि दर्जा यांचा झगडा सोडवण्याचा एक वेगळा प्रयत्न २०११ मध्ये स्थापन झालेल्या ‘लाइफबॉक्स’ या संस्थेने केला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीत ऑक्सिमीटर होता, परंतु गरीब देशांतील असंख्य शस्त्रक्रियागृहांत तो नव्हता. संस्थेने आधी दर्जाची किमान पातळी पक्की केली, मग मोठ्या संख्येची मागणी एकत्र करून उत्पादकांना स्पर्धेत उतरवले, आणि पोहोच व प्रशिक्षणसाहित्यासह सुमारे २५० डॉलरला यंत्र मिळवले. येथे लक्षात घेण्याजोगा भाग क्रमाचा आहे: दर्जा निश्चित झाल्यावर घासाघीस सुरू झाली, घासाघीस करून उरलेल्या पैशात दर्जा बसवला गेला नाही.

महाग म्हणजे चांगले, हे समीकरणही या काळात टिकले नाही. अमेरिकेसारख्या कडक नियमनाच्या देशात, २००५ ते २०१४ या अवधीत स्वयंचलित डिफिब्रिलेटरच्या बिघाडाचे सुमारे ७२,००० अहवाल तेथील एफडीएकडे जमा झाले आणि २०१५ मध्ये त्या यंत्रांना विक्रीपूर्व मंजुरीची अट लावावी लागली. भारतात तर छापील किमतीचा दर्जाशी संबंध किती सैल होता हे सरकारनेच पुढे उघड केले: जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, रक्तदाबमापक, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर व ग्लुकोमीटर या पाच उपकरणांच्या व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घालताना असे सांगितले गेले की वितरकाला पडणारी किंमत आणि छापील किंमत यांतील नफा ३ टक्क्यांपासून ७०९ टक्क्यांपर्यंत होता. ग्राहक ज्याला दर्जाची किंमत समजत होता, ती पुष्कळदा साखळीतील हातांची किंमत होती.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा हे या काळातील मोठे वळण होय. एकूण ९३७ वाहनांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक व ७०४ प्राथमिक जीवरक्षक अशी त्यांची विभागणी होती. प्रगत वाहनात व्हेंटिलेटर व डिफिब्रिलेटर असतो, प्राथमिक वाहनात ऑक्सिजन, सक्शन यांसारखी साधने. या व्यवस्थेत शासनाने सेवा विकत घेतली, आणि तत्त्वतः तरी यंत्र चालू ठेवण्याची जबाबदारी पैसे घेणाऱ्यावर टाकली.

रुग्णालयांतील यंत्रांची अवस्था मात्र २०१५ च्या सुमारास, राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रमासाठी मोजदाद झाली तेव्हा समोर आली. २९ राज्यांतील २९,११५ आरोग्यसंस्थांत सुमारे ४,५६४ कोटी रुपयांची ७,५६,७५० उपकरणे नोंदली गेली आणि राज्याराज्यानुसार त्यांतील १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. सर्वांत कमी दराने वाचवलेले पैसे कोठे गेले, याचे यापेक्षा थेट उत्तर क्वचितच मिळेल. सुटा भाग मिळत नाही, हमीचा काळ संपल्यावर वार्षिक देखभाल करार झालेला नाही, करार आहे पण तंत्रज्ञ दोनशे किलोमीटरवर आहे, आणि यंत्र दुरुस्तही होत नाही व त्याचे निर्लेखनही, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून वगळणेही, होत नाही, ही जिल्ह्याजिल्ह्यांतील परिचित अवस्था. नव्या कार्यक्रमाने देखभाल बाहेरच्या संस्थांकडे सोपवून यंत्र चालू असण्याचे लक्ष्य ठरवून दिले: जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ. उपाय स्तुत्यच होता. तरी आकड्याकडे बारकाईने पाहिले तर ९५ टक्के म्हणजे वर्षातले १८ दिवस यंत्र बंद असण्याची मुभा. क्ष-किरण यंत्राला ती चालते, कारण रुग्णाला उद्या बोलावता येते. डिफिब्रिलेटरला उद्या नसतो.

२०२० च्या महामारीने हा सगळा हिशेब एका वर्षात दाबून बसवला. त्या मे महिन्यात पीएम केअर्स निधीतून देशी बनावटीच्या ५०,००० व्हेंटिलेटरसाठी सुमारे २,००० कोटी रुपये जाहीर झाले, म्हणजे सरासरी एका यंत्राला ४ लाख रुपये. अतिदक्षता विभागातील प्रगत आयात यंत्राची किंमत त्याच्या कित्येक पट होती. टंचाईच्या त्या दिवसांत वेगाने व स्वस्तात यंत्र बनवण्याचा निर्णय चूक होता असे म्हणता येत नाही. परंतु ‘व्हेंटिलेटर’ या एकाच शब्दाखाली दोन फार भिन्न वस्तू मावतात: एक, ठरावीक दाबाची हवा पुरवणारे साधे यंत्र, आणि दुसरे, ताठर झालेल्या फुफ्फुसाच्या प्रत्येक श्वासागणिक दाब, आकारमान व ऑक्सिजनचे प्रमाण यांचा ताळमेळ राखणारे. कोविडच्या अत्यवस्थ रुग्णाला दुसऱ्याची गरज होती.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला, म्हणजे ‘घाटी’ला, केंद्राकडून मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरांचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आले. त्यांपैकी ३७ खोक्यांतून काढलेच गेले नव्हते आणि वापरात आणलेली ११३ सदोष आढळल्याचा अहवाल न्यायालयापुढे होता; डॉक्टरांच्या मते यंत्र लावलेले असतानाच रुग्णाला ऑक्सिजन कमी पडू लागत होता. केंद्राची बाजू अशी की यंत्रे चांगली आहेत, दोष जोडणीत, ऑक्सिजनवाहिनीच्या दाबात व हाताळणीत आहे. यंत्राऐवजी रुग्णांकडे पाहावे, अशा आशयाची नापसंती खंडपीठाने व्यक्त केली, आणि दरम्यान १५ मे रोजी पंतप्रधानांनी देशभर पुरवलेल्या व्हेंटिलेटरांच्या उभारणीचे व वापराचे लेखापरीक्षण करण्यास सांगितले. दोन्ही बाजूंचे म्हणणे शब्दशः खरे धरले तरी निष्पत्ती बदलत नाही: वाहिनीत अपुरा दाब असताना जे यंत्र नीट चालत नाही, ते जेथे दाब अपुराच असतो अशा ठिकाणासाठी निवडणे हाही दर्जाचाच दोष होय, मग तो कारखान्यातला असो वा विनिर्देशांतला.

त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षातील आगीत दहा अर्भके दगावली होती. अशा कक्षात बाळाला ऊब देणारे वॉर्मर रात्रंदिवस विजेवर चालतात, आणि त्या भारासाठी कक्षातील विद्युतजोडणी व अग्निसुरक्षा पुरेशी आहे काय हे तपासण्याचा खर्च यंत्राच्या दरपत्रकात कोठेच दिसत नाही.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा बाजार तर दुसऱ्या लाटेत अक्षरशः रस्त्यावर आला. हे यंत्र हवेतील नायट्रोजन झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजात शोषून घेते व उरलेला, साधारण ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचा ऑक्सिजन रुग्णाला देते. येथे नेमकी मेख अशी की मिनिटाला एक लिटर या मंद प्रवाहात हलके यंत्रही चांगली शुद्धता दाखवते, पण प्रवाह पाच लिटरवर नेला की ती कोसळते. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष कमाल प्रवाहालाही किमान ८२ टक्के शुद्धता मागतो, तो याचसाठी. खोक्यावर प्रवाहाचा आकडा ठळक छापलेला असे, त्या प्रवाहाला मिळणाऱ्या शुद्धतेचा बहुधा नसे. केंद्राने मे महिन्यात कर कमी केला आणि जूनमध्ये नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली, कारण वितरकाच्या पातळीवरील नफा १९८ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले होते. किंमत आटोक्यात आली. शुद्धतेची चौकशी करणारे मात्र हातात ऑक्सिजन विश्लेषक असलेले मोजके डॉक्टर व बायोमेडिकल इंजिनिअरच होते.

कायदा या सर्वांच्या मागून, पण आला. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी जोखमीनुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग केले होते. १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे ‘औषध’ ठरली आणि नोंदणीच्या टप्प्यांनंतर अ व ब वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून, तर क व ड या अधिक जोखमीच्या वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना अनिवार्य झाला. महाराष्ट्रात हाफकिन या शासकीय महामंडळाकडे असलेली खरेदी त्याच वर्षी कायद्याने स्थापन झालेल्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे गेली. परवाना यंत्र बाजारात येताना त्याची परीक्षा घेतो. ते भांडारात गेल्यावर काय होते हे त्याच्या कक्षेबाहेरच आहे. २०२१ मध्ये घाईने घेतलेले व देणगीत आलेले कॉन्सन्ट्रेटर लाट ओसरल्यावर अनेक ठिकाणी खोलीत रचून ठेवले गेले, आणि झिओलाइटचा गुणधर्म असा की यंत्र बंद राहिल्यास ते हवेतील ओलावा शोषून नायट्रोजन धरण्याची शक्ती गमावत जाते. ठरावीक अवधीने ते काही वेळ चालवावे, गाळणी स्वच्छ करावी आणि विश्लेषकाने शुद्धता मोजून नोंदवहीत लिहावी, एवढाच त्यावरचा उपाय आहे.