नुसती हॉर्सपॉवर बघून भुलू नका!

अमेरिकेतल्या हेवी-ड्युटी पिकअपचा विषय निघाला की माझं लाडकं इंजिन एकच: फोर्डचं 7.3 लिटर व्ही-8 पेट्रोल, टोपणनाव 'गॉडझिला'. 2020 च्या सुपर ड्युटीत आलं तेव्हा 430 हॉर्सपॉवर, 644 न्यूटन-मीटर टॉर्क. टर्बो नाही, बिडाचा ब्लॉक, जुन्या वळणाची पुशरॉड रचना.

पण मागे जड ट्रेलर जोडला की खरी परीक्षा. हा टॉर्क 4000 आरपीएमला मिळतो. त्याच ट्रकच्या डिझेलला 1424 न्यूटन-मीटर, तेही 1600 ला! म्हणून चढावर पेट्रोल गाडी खालच्या गिअरमध्ये ओरडत चढते. घाबरू नका, तिचा स्वभावच तो.

कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा सुमारे 3400 मीटर उंचीवर. तिथं हवा जवळपास तीस टक्के विरळ, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच घटते. 430 चे उरतात जेमतेम 300!

उपाय? ॲक्सल रेशो. 3.73 ऐवजी 4.30 घेतलात तर इंजिन तेच, पण त्याच गिअरमध्ये चाकावरची ओढ 15 टक्के जास्त. बदल्यात पेट्रोल थोडं जास्त पिणार.

तुम्ही काय निवडाल, पेट्रोल की डिझेल?