रात्रपाळीचा नाताळ

आज ख्रिस्तजयंती. पिंपरी-चिंचवड परिसरातील ख्रिस्ती घरांवर कागदी तारे उजळले आहेत. करंज्या-चकल्यांचे डबे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे रवाना होत आहेत. परंतु काल मध्यरात्री मंदिरांतून उपासना चालू असता भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतून यंत्रेही चालूच होती, आणि त्या यंत्रांपाशी उभ्या असलेल्यांत काही ख्रिस्ती बांधवही होते. देवाच्या सान्निध्याचा विचार करताना आम्हांस प्रथम त्यांचीच आठवण होते.

या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसून गुरुवारी असते, हे बाहेरच्या वाचकास नवलाचे वाटेल. विजेचा भार निरनिराळ्या वारांवर विभागला जावा म्हणून औद्योगिक क्षेत्रांना सुटीचे वेगवेगळे वार नेमून देण्याची पद्धत पडली, तिचे हे फळ. इतरांस त्याचे काही वाटत नाही. पण प्रभुवार म्हणून ज्याचा रविवार लहानपणापासून राखून ठेवलेला, त्याच्या जिवाला ही गोष्ट लागते.

लेथवर आयुष्य काढून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ आम्हांस भेटले. ते नगर जिल्ह्यातून तरुणपणी इकडे आलेले. ते म्हणाले, "पहिली काही वर्षे मला वाटे, देव रविवारी सकाळी देवळात येतो आणि आपण नेमके तेव्हा मशीनवर. म्हणजे कायमची चुकामूक! मनाला फार खाई ते."

"मग काय केलेत?" आम्ही विचारले.

"फार काही नाही, साहेब. प्रत्येक जॉब चकमध्ये बांधताना एका माणसाचे नाव मनात घ्यायचे आणि त्याच्यासाठी दोन शब्द प्रार्थनेचे. पाळी संपेपर्यंत सगळे घर, सगळी आळी होऊन जाई. एकदा शेजारच्या मशीनवाल्याचे नाव आले. आमचे बोलणे बंद होते. चार दिवस नाव घेतले. पाचव्या दिवशी मीच त्याला चहाला हाक मारली. देवाशी बोलायचे आणि त्याच्याशी नाही, हे काही जमेना."

देव जवळ असल्याची याहून सोपी खूण आम्हांस ठाऊक नाही. मनास केवळ गोड वाटणे म्हणजे सान्निध्य नव्हे. ज्या सहवासाने अबोला सुटतो, तो सहवास खरा.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते. तरुणपणी शिपाईगिरी केलेली, युद्धात जखमी झालेले. मठात त्यांच्या वाट्यास स्वयंपाकघर आले, आणि त्या कामाची त्यांना मुळीच आवड नव्हती. तरी सवयीने भांड्यांचा खणखणाट आणि प्रार्थनेची शांतता यांत त्यांना भेद उरला नाही. १६९१ साली ते निवर्तले. त्यांची संभाषणे व पत्रे जगभर आजही वाचली जातात.

पण त्यासाठी पॅरिसला तरी कशास जावे? प्रपंचात राहून देवाशी बोलणाऱ्या, प्रसंगी त्याच्याशी भांडणाऱ्या तुकोबांचे देहू इथून जवळच आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत की, तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी अभंगाच्या चालीवर रचलेली भजने महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांत अजून गायिली जातात. भाकऱ्या थापताना किंवा बसची वाट पाहताना ओठांवर येणारे भजन हीदेखील उपासनाच होय.

मग मंडळीची गरज उरत नाही काय? असे कोणी समजू नये. त्याच गृहस्थांनी पहिल्या पाळीच्या रविवारी सायंकाळची उपासना कधी चुकविली नाही आणि गुरुवारची कुटुंबप्रार्थना कधी सोडली नाही. निखारा चुलीतून एकटा बाजूला काढला, तर किती वेळ धगधगणार?

शुभवर्तमानातील ती रात्र आठवावी. ख्रिस्तजन्माची वार्ता प्रथम कोणास मिळाली? झोपी गेलेल्या बेथलेहेमास नव्हे, तर रानात कळप राखीत जागणाऱ्या मेंढपाळांस. म्हणजे रात्रपाळीवरच्या माणसांस. ते गव्हाणीपाशी गेले, बाळाचे दर्शन घेतले आणि देवाचे गौरव करीत परतले. मेंढरे तीच, थंडीही तीच. मने मात्र आनंदाने भरलेली. आणि ज्या बाळास ते पाहून आले, तोही पुढे नासरेथात सुतारकामच करीत वाढला.

आज सकाळी एखादा कामगार रात्रपाळी आटोपून, डोळे चोळीत, तेलकट हातांनी घराचे दार ठोठावील. त्याचा नाताळ हुकला असे, वाचकहो, कोणी म्हणू नये. त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या करंज्या पुढे कराव्यात आणि त्याच्याबरोबर घटकाभर बसावे.