मधला दुकानदार का सुस्तावतो?

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. म्हणून तिथला शहाणा दुकानदार मीठ-काडेपेटीपासूनचा माल आधीच भरून ठेवतो. गिऱ्हाईक आले की घरातून देतो. नसेल तेवढेच बाहेरून मागवतो. शाळा-महाविद्यालयांच्या संगणककक्षात ‘प्रॉक्सी’ नावाचा मधला संगणक असतो, त्याचे काम नेमके हेच. तीस मुलांनी एकच पान मागितले, तर ते बाहेरून एकदा आणायचे आणि साठ्यातून तीसदा वाटायचे. १९९६ सालापासूनची ‘स्क्विड’ ही प्रणाली या कामी जगभर वापरली जाते.

पण दुकानदारच सुस्तावला तर? एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या अर्जांचा शेवटचा दिवस होता. एटापल्लीकडून पहाटेच्या एसटीने आलेली मुले दुपार टळली तरी पहिल्याच पानावर खोळंबलेली. “लाइनच खराब,” असे म्हणून सारे मोकळे झाले. आता हे खरे की खोटे, ते कसे ओळखावे?

प्रॉक्सी आपल्या नोंदवहीत प्रत्येक मागणीची ओळ लिहितो. तिच्या दुसऱ्या रकान्यात लागलेला वेळ असतो, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. ‘हिट’ म्हणजे माल घरातून दिला. ‘मिस’ म्हणजे बाहेरून आणला. हिट झटपट आणि मिस मंद, तर दोष बाहेरच्या लाइनीचा, नाहीतर नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या ‘डीएनएस’चा. हिटसुद्धा मंद असेल, तर दोष घरातलाच समजावा. ‘कनेक्ट’ असे लिहिलेल्या ओळी मात्र या हिशेबात धरू नयेत. तिथे संपूर्ण जोडणी किती वेळ टिकली ते लिहिलेले असते. मोठा आकडा पाहून घाबरायचे कारण नाही.

त्या दिवशी हिटलाही कित्येक सेकंद लागत होते. कारण काय? कोणीतरी हौसेने साठा २०० गिगाबाइटचा केला होता. कोठारात कोणता माल कुठे आहे, याची यादी यंत्र आपल्या स्मृतीत, म्हणजे ‘रॅम’मध्ये ठेवते. एका गिगाबाइट साठ्यामागे सुमारे १४ मेगाबाइट, या हिशेबाने २०० गिगाबाइटला २.८ गिगाबाइट स्मृती हवी. यंत्रात होती अवघी दोन! उरलेली यादी तबकडीवर गेली, आणि प्रत्येक मागणीसाठी तबकडी चाळणे आले. साठा भरत गेला तसा मंदपणा वाढत गेला, म्हणून तो कोणाच्या ध्यानात आला नाही.

साठा रिकामा करून २० गिगाबाइटवर आणला. अर्ज दिवेलागणीच्या आत गेले.

आणखी एक. आज बहुतेक पाने कुलूपबंद, म्हणजे ‘एचटीटीपीएस’ची असतात. बंद लखोटा दुकानदाराने न फोडता पुढे द्यायचा. त्याचा साठा होत नाही. तेव्हा मोठ्या कोठाराचा मोह आता नकोच.

गुरुजनहो, लाइनीला बोल लावण्याआधी नोंदवही उघडा. मुलांचा एक दिवस, कदाचित एक वर्ष, वाचेल.