मित्र काळा, आकाश भारी!

संध्याकाळी दुर्गाडीवर ग्रुप फोटो काढलाय कधी? मागे खाडीवरचा सूर्यास्त एकदम कडक आणि पुढे उभे मित्र मात्र कोळसा! दोष मित्रांचा नाही, मोबाइलचाही नाही. कॅमेरा फ्रेममधला सगळा उजेड मोजतो आणि फोटो मध्यम करड्या छटेच्या आसपास आणायला बघतो. आकाश झगझगीत दिसलं की तो उजेड कमी करतो आणि चेहरे अंधारात जातात.

उपाय सोपा. स्क्रीनवर चेहऱ्याला टच करा, सूर्याचं चिन्ह वर सरकवा. आकाश थोडं पांढरं पडेल, पडू दे.

एक्स्पोजर ठरवणारे तिघे. ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक: एफ/२.८ला मोठं, एफ/१६ला बारीक. बहुतेक मोबाइलमध्ये ते बदलतच नाही. शटर स्पीड म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा. आयएसओ म्हणजे मिळालेला सिग्नल किती वाढवायचा. तो फार वाढवला की फोटोत दाणे दिसतात. शटर १/१२५ वरून १/६० सेकंदावर आणलं किंवा आयएसओ १०० चा २०० केला, दोन्हीकडे फोटो साधारण दुप्पट उजळतो.

नवरात्रात दुर्गाडीच्या जत्रेत प्रो मोड उघडा. फिरता पाळणा १/५०० ला जागच्या जागी थांबेल. मोबाइल कठड्यावर टेकवून १ सेकंद ठेवलात, तर दिव्यांचं गोल चक्र मिळेल.

शेवटच्या वर्षाचा ग्रुप फोटो पुन्हा निघत नाही. तेव्हा चेहरे हवेत की आकाश, हे ऑटो मोडला ठरवू देऊ नका.