इंजिन आधी, विमान मग

दुचाकीच्या इंजिनावर कुणीतरी विमान बनवल्याची बातमी अधूनमधून कुठून ना कुठून येते आणि तिच्यापाठोपाठ वाचकांचा प्रश्नही येतो: एका माणसाला उडवायला किती अश्वशक्ती पुरे? प्रश्न रास्त आहे, पण नुसत्या या आकड्यावरून विमानाचा आराखडा निवडायला बसलो तर फसगत ठरलेली. याचा लख्ख पुरावा १९०३ सालातच मिळतो. सॅम्युअल लँग्ली यांच्या ‘एरोड्रोम’मध्ये चार्ल्स मॅन्ली यांनी घडवलेले ५२ अश्वशक्तीचे इंजिन होते, त्या काळातली ती अव्वल कारागिरी होती. ते विमान ऑक्टोबरात आणि पुन्हा डिसेंबरात पोटोमॅक नदीत कोसळले. दुसऱ्या अपघातानंतर नऊच दिवसांनी राइट बंधू उडाले, तेही १२ अश्वशक्तीवर. लँग्लींचा सांगाडाच लेचापेचा होता, हे खरे. पण मुद्दा तोच आहे: तिथे इंजिन एकीकडे वाढत गेले आणि विमान दुसरीकडे. राइट बंधूंनी आधी वजन आणि रेट्याचा हिशेब मांडला, आठ अश्वशक्तीत भागेल असे ठरवले आणि त्यांच्या सायकलच्या दुकानातले मेकॅनिक चार्ली टेलर यांनी सहा आठवड्यांत इंजिन उभे केले.

बारा अश्वशक्तीत भागले ते प्रॉपेलरमुळे. विमान हवा मागे लोटते म्हणून पुढे जाते. थोडी हवा जोरात लोटली काय किंवा पुष्कळ हवा हळू लोटली काय, रेटा तेवढाच मिळू शकतो, पण खर्च सारखा येत नाही. कारण रेटा हवेला दिलेल्या वेगाच्या पटीत वाढतो आणि ऊर्जा त्या वेगाच्या वर्गाच्या पटीत. म्हणून हळू उडणाऱ्या विमानाला मोठा, संथ फिरणारा प्रॉपेलर परवडतो. त्याच ताकदीवर व्यास दुप्पट केला, तर जागेवर उभ्या विमानाला मिळणारा रेटा आदर्श हिशेबाने सुमारे १.६ पट होतो. राइट बंधूंचे दोन्ही प्रॉपेलर अडीच मीटरहून मोठे होते आणि इंजिनाचे हजारभर फेरे साखळी-दातचक्रांनी उतरवून ते मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरत. आपल्या घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात फिरतो तोही जवळपास याच गतीने! मान वर करून पाहावे. पहिल्या विमानाचे प्रॉपेलर याच चालीने फिरत होते.

आता दुचाकीचे इंजिन घ्या. त्याची जाहिरातीतली ताकद मिळते ती मिनिटाला सहा-आठ हजार फेऱ्यांना. सहा हजारांवर १.८ मीटरचा प्रॉपेलर थेट जोडला, तर पात्याचे टोक सेकंदाला साडेपाचशे मीटरहून जास्त वेगाने, म्हणजे आवाजाच्याही पुढे पळेल आणि बरीचशी ताकद गोंगाटात वाया जाईल. यावर कुणी म्हणेल, पट्टा किंवा गिअर लावून फेरे उतरवा. जरूर उतरवावेत, अल्ट्रालाइट म्हणजे अतिहलक्या विमानांची टू-स्ट्रोक इंजिने तसेच करतात. मात्र त्या जोडणीचे वजन येते, इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याचे हिसके तिलाच सोसावे लागतात. आणि रस्त्यावर क्वचितच पूर्ण पिळला जाणारा थ्रॉटल हवेत चढताना मिनिटामागून मिनिटे पूर्ण पिळलेला राहतो. मग थेट मोठेच इंजिन का नको, हा दुसरा आक्षेप. अमेरिकेत अल्ट्रालाइटचे रिकामे वजन २५४ पौंडांच्या, म्हणजे ११५ किलोंच्या आत लागते. त्यात इंजिन दहा किलोंनी वाढले की नाक जड होते, गुरुत्वमध्य सरकतो, सांगाडा बळकट करावा लागतो, इंधन वाढते, आणि मिळवलेली ताकद हे नवे वजन उचलण्यातच खर्ची पडते.

तेव्हा इंजिनाचे फेरेच विमान ठरवतात, असे माझे मत आहे. फ्रान्सच्या मिशेल कोलोंबाँ यांचे ‘क्री-क्री’ १९७३ मध्ये उडाले ते नऊ-नऊ अश्वशक्तीच्या दोन चिमुकल्या, भन्नाट फिरणाऱ्या इंजिनांवर. प्रॉपेलर छोटे, मग विमानही पाच मीटरपेक्षा कमी पंखविस्ताराचे, गुळगुळीत आणि वेगवान. वेगात छोट्या प्रॉपेलरलाही भरपूर हवा भेटते. याच्या उलट मिनेसोटाचे बर्नार्ड पीटेनपोल. त्यांनी १९२९ मध्ये फोर्ड मॉडेल-ए मोटारीचे जड, संथ इंजिन घेतले, त्याला लाकडाचा लांब प्रॉपेलर थेट जोडला आणि भोवती मोठ्या पंखाचे, दोघांना नेणारे, सावकाश उडणारे ‘एअर कॅम्पर’ रचले. पुढे मॉडेल-टीच्या स्वस्त पण अशक्त इंजिनासाठी आराखड्याची मागणी झाली. पीटेनपोल यांनी ते इंजिन ‘एअर कॅम्पर’मध्ये बसवून भागवले नाही. त्यांनी कोरा कागद घेतला, एक आसन काढून टाकले आणि एकट्या माणसासाठी ‘स्काय स्काउट’ नावाचे वेगळे विमान आखले.