इन्सुलिनचा निरोप कुठे अडतो

टाइप २ मधुमेह साखरेचा आजार म्हणून ओळखला जातो, पण पेशीतला बिघाड बहुतेकदा चरबीपासून सुरू होतो. जेवणानंतर रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन स्नायूपेशीच्या पटलावरील ग्राहीला बाहेरूनच चिकटते. त्यासरशी ग्राहीचा आतला भाग आयआरएस-१ या प्रथिनातल्या टायरोसिनवर फॉस्फेट बसवतो. पुढे पीआय-३ कायनेज आणि एकेटी या विकरांमार्फत निरोप आत पोचतो, आणि पुटिकांमध्ये राखून ठेवलेली ग्लूट-४ ही वाहक प्रथिने पटलावर येतात. ग्लुकोज पेशीत शिरते ते त्यांच्यातून.

त्वचेखालची जागा चरबी साठवायला अपुरी पडू लागली की मेदाम्ले स्नायूंत आणि यकृतात साचतात. त्यांच्यापासून बनणारे डायअसिलग्लिसरॉल प्रोटीन कायनेज-सी गटातली विकरे चेतवते आणि फॉस्फेट भलत्याच जागी, सेरीन किंवा थ्रिओनिनवर बसते. निरोप तिथेच क्षीण होतो. यालाच इन्सुलिनरोध म्हणतात. मेदऊतीतून येणारे टीएनएफ-अल्फा हे दाहजनक प्रथिनही यात भर घालते. लठ्ठ उंदरांवरच्या प्रयोगांत ते १९९३ साली दिसून आले.

यकृतातली स्थिती अधिक घातक असते. निरोग यकृतात इन्सुलिन फॉक्सो-१ या प्रथिनाला केंद्रकाबाहेर ठेवते, त्यामुळे नवे ग्लुकोज बनवणे थांबते. इन्सुलिनरोधात हा लगाम सुटतो, पण इन्सुलिनच्याच हुकमाने चालणारी मेदनिर्मिती सुरू राहते. यकृत साखरही ओतते आणि चरबीही वाढवते. फॅटी लिव्हर आणि मधुमेह इतक्या वेळा एकत्र आढळतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

वजनकाट्यावर हे सारे दिसतेच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. हा फरक जन्मापासूनच असतो, असे पुण्याजवळच्या सहा गावांतल्या अभ्यासाने दाखवले. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. भारतीयांनी वजनाइतकेच कमरेच्या घेराकडे लक्ष द्यायला हवे, ते यासाठी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही धोक्याची मर्यादा मानतात.

सुरुवातीला बीटा पेशी जास्त इन्सुलिन सोडून वेळ निभावून नेतात. साखरेचा आणि मेदाम्लांचा मारा चालूच राहिला की त्या थकतात, काही मरतात, आणि मग रक्तातली साखर कायमची चढी राहते.

चालताना किंवा ओझे उचलताना स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा एएमपीके आणि इतर संदेशमार्ग जागे होऊन ग्लूट-४ इन्सुलिनशिवायही पटलावर येते. म्हणून इन्सुलिनरोध असलेल्या माणसाचे स्नायूही व्यायामाच्या वेळी साखर उचलू शकतात.